पायथन शिकताय? मग नोटांचा प्रोग्राम नीट करा

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन आकड्यांची बेरीज करून झाली की बरेच जण विचारतात आता पुढे काय, आणि मग डायरेक्ट लूपवर (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं) किंवा गेम बनवायच्या व्हिडिओवर उडी मारतात. माझं बॅकग्राउंड कॉमर्सचं, आणि व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवायला दिलेलं नाव, हे मला खरं कळलं ते नोटांच्या प्रोग्राममुळे. रक्कम द्यायची आणि प्रोग्रामने सांगायचं की ५००, १००, ५०, २०, १० च्या किती नोटा द्यायच्या. बँकेतला कॅशियर करतो तेच. लूप नको, इफ (अट तपासणं) नको.

समजा रक्कम १७८०. साधा स्लॅश देऊन ५०० ने भागलं तर ३.५६ येतं, आता ०.५६ नोट कोण देणार? म्हणून डबल स्लॅश, तो ३ देतो, आणि टक्क्याचं चिन्ह वापरलं की बाकी मिळते, २८०. सी किंवा जावा या भाषांमध्ये दोन्ही आकडे इंट (पूर्णांक) असले की सिंगल स्लॅशच ३ देतो, पायथन २ मध्ये पण तसंच होतं, २००८ ला पायथन ३ आलं तेव्हा ते बदललं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर आधी व्हर्जन बघा.

खरी गंमत पुढे आहे. नोटा मोजल्या की लिहायचं, रक्कम = रक्कम % ५००. गणिताच्या पेपरात असं लिहिलं तर शून्य मार्क, पण इथे आधी उजवी बाजू काढली जाते आणि ते उत्तर त्याच नावात परत ठेवलं जातं, जुने १७८० गेले. म्हणून क्रम महत्त्वाचा. ही ओळ आधी आणि नोटांची मोजणी नंतर केली तर २८० मध्ये ५०० च्या शून्य नोटा निघतात आणि एरर काहीच येत नाही! म्हणून कागद घ्या, प्रत्येक ओळीनंतर रक्कम किती राहिली ते लिहा: १७८०, २८०, ८०, ३०, १०, ०. कंटाळवाणं आहे पण करा. शेवटी सगळ्या नोटांची बेरीज मूळ रकमेशी टॅली करायची, त्यासाठी मूळ रक्कम दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये आधीच ठेवून द्या.

रक्कम युजरकडून घेताना इनपुटने येते ती स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, तिला इंट करायला विसरू नका. स्ट्रिंगवर टक्क्याचं चिन्ह म्हणजे फॉरमॅटिंग (मजकुरात किंमती भरणं), त्यामुळे ती ओळ डबल स्लॅशच्या आधी आली तर एरर येतो तो फॉरमॅटिंगबद्दल बोलणारा, आणि नवखा माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

बाय द वे पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव चक्क मराठीत चालतं. कोडमध्ये आकडे इंग्रजीच लागतात, पण युजरने १७८० मराठीत टाईप केले तरी इंट ते बरोबर ओळखतो. ऑफिसच्या कोडमध्ये मात्र हे करू नका, टीममधले सगळे शिव्या घालतील.

झालं की २०० ची नोट ॲड करा. १७८० ला आधी ८ नोटा लागत होत्या, आता ७ आल्या पाहिजेत.