राजघराण्यातील पाहुण्यांच्या स्वागतात भाग घ्यावा का? विद्यार्थी परिषदेने निर्णय कसा करावा

तालुक्याच्या महाविद्यालयात एखाद्या राजघराण्यातील पाहुणे येणार अशी सूचना फलकावर लागली, की मधल्या सुटीपर्यंत दोन तट पडतात. एक तट लेझीम आणि फेट्यांच्या तयारीला लागतो, तर दुसरा लोकशाहीत राजा कुठला असे विचारतो. या वादातून ठराव निघत नाही, कारण राजेशाही चांगली की वाईट हे परिषदेला ठरवायचेच नसते. विद्यार्थ्यांचे नाव, वेळ आणि पैसा यांपैकी काय द्यायचे आणि कोणत्या अटीवर द्यायचे, एवढेच तिच्या हातात असते.

सर्वप्रथम पाहुणे कोणत्या नात्याने येत आहेत, याची प्राचार्यांकडे लेखी विचारणा करावी. १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही संपुष्टात आले. त्यामुळे जुन्या घराण्याचे वंशज कायद्याच्या दृष्टीने तुमच्या-आमच्यासारखेच नागरिक आहेत आणि त्यांच्या स्वागताचे कोणतेही सरकारी बंधन महाविद्यालयावर नसते. परदेशातील राजा किंवा राजपुत्र सरकारचा पाहुणा म्हणून येत असेल, तर दौऱ्याची आखणी प्रशासनाच्या हाती असते, आणि परिषदेच्या नकाराने दौरा थांबत नाही, फक्त विद्यार्थ्यांचा सहभाग थांबतो. निमंत्रण कोणाचे, खर्च कोणाचा आणि उपस्थिती ऐच्छिक की सक्तीची, ही उत्तरे हाती आल्याशिवाय बैठक बोलावू नये.

आपल्या विदर्भात आणखी एक गुंतागुंत आहे. नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केले, भोसल्यांच्या आधी देवगड (आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातील) आणि चांद्याला (आजचे चंद्रपूर) गोंड राजांची सत्ता होती, आणि वऱ्हाड तर नावाला निजामाचे राहिले. त्यामुळे ‘आपला राजा’ हा शब्द एकाच बाकावरच्या दोघांना वेगळा ऐकू येतो. गोंड घराण्याविषयी आदिवासी विद्यार्थ्याला वाटणारा आदर हा सरंजामशाहीचा पुरस्कार नव्हे. तो त्याच्या इतिहासाचा भाग आहे. अशा विद्यार्थ्यांना बैठकीत सुरुवातीला बोलू द्यावे, कारण टाळ्या-शिट्ट्यांचा गोंधळ सुरू झाल्यावर ते सहसा उठत नाहीत.

बहिष्काराच्या बाजूने बोलणारे १९२१ चा दाखला देतात आणि तो रास्तही आहे. १९२० च्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले होते, आणि पुढच्या वर्षी १७ नोव्हेंबरला इंग्लंडचे युवराज मुंबईत उतरले तेव्हा हरताळ पाळला गेला. परंतु दाखला द्यायचा तर पुरता द्यावा: त्या दिवशी स्वागताला गेलेल्यांवर बहिष्कारवाल्यांच्या जमावाने हल्ले केले, शहरात दंगल पेटली आणि गांधीजींना उपोषण करावे लागले. म्हणून, ठराव कोणताही होवो, त्याविरुद्ध वागणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी अडवणार नाही, हे मतदानाआधीच मंजूर करून घ्यावे.

बैठकीची सूचना विषयपत्रिकेसह निदान तीन दिवस आधी लावावी आणि बैठक दुपारी अशा वेळी ठेवावी की खेड्यांवरच्या मुलामुलींना शेवटची एसटी मिळेल. अन्यथा गावात राहणारेच सगळ्यांच्या वतीने ठरवतात. जिथे परिषद स्थापन झालेली नाही, तिथे वर्गप्रतिनिधींना बोलवावे. त्यानंतर प्रस्तावाचे तुकडे करावेत, कारण माझ्या मते निम्मे भांडण तिथेच मिटते. सभागृहात बसून भाषण ऐकणे, पाहुण्यांना प्रश्न विचारणे, रस्त्याच्या दुतर्फा उभे राहणे, लेझीम, औक्षण आणि स्नेहसंमेलनाच्या निधीतून खर्च करणे, या प्रत्येकावर वेगळे मत घ्यावे. औक्षणाच्या ताटासाठी मुलींचीच नावे का लिहिली जातात, हे कोणीतरी विचारलेच पाहिजे. एका महाविद्यालयात पाहुणे अडीच तास उशिरा आले आणि ताटे धरलेल्या मुली तोवर उन्हातच उभ्या होत्या, हे मी पाहिले आहे. त्यामुळे सावली, पाणी आणि थांबण्याची कमाल मर्यादा ठरावातच लिहावी. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी सुरू असेल तर तालमीसाठी बुडणारी मजुरीही हिशेबात धरावी. हात वर करून मत देताना प्राध्यापकांकडे नजर जाते, म्हणून चिठ्ठ्या वापराव्यात.

ठरावाची भाषा साधी असावी: “परिषद सभागृहातील कार्यक्रमात सहभागी होईल, उपस्थिती ऐच्छिक राहील, विद्यार्थी निधीतून खर्च होणार नाही, पाहुण्यांना विद्यार्थ्यांचे तीन प्रश्न विचारता येतील.” खाली सूचक, अनुमोदक आणि मतांची संख्या लिहावी. विरोधी मत देणाऱ्यांनी मागणी केल्यास त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात घ्यावे. प्रत प्राचार्यांना देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, कारण तोंडी कळवलेल्या अटी पाहुण्यांची गाडी फाटकात शिरेपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाहीत.