टॅबलेटचे वायफाय वारंवार तुटत असेल तर दोष कसा शोधावा

टॅबलेट सारखा नेटवर्कवरून सुटतो ही तक्रार एकच असली, तरी तिच्यामागे तीन वेगळे बिघाड असू शकतात. कधी टॅबलेट आणि राउटर यांच्यातील रेडिओ जोडणीच तुटते. कधी ती शाबूत असते, परंतु टॅबलेटकडे चालू स्थितीतला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याला ओळखणारा क्रमांक, नसतो. आणि कधी हे दोन्ही ठीक असून राउटरच्या पलीकडचे इंटरनेट बंद पडलेले असते. यांपैकी नेमके काय झाले हे न पाहताच राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याची सवय बहुतेकांना असते. त्याने काम तात्पुरते सुरू होते खरे, पण ज्यांवरून दोष ओळखता आला असता त्या खुणाही पुसल्या जातात.

म्हणून पुढच्या वेळी जोडणी तुटेल तेव्हा कशालाही हात लावण्यापूर्वी टॅबलेटवरील वायफायची सेटिंग उघडावी. नेटवर्क जोडलेले दिसत नसेल, तर संशय रेडिओ जोडणीवर घ्यावा. आयपॅडवर जोडलेले दिसूनही पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, किंवा अँड्रॉइड टॅबलेट पत्ता मिळवण्याच्या टप्प्यावरच अडकून राहत असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही. पत्ता नेहमीसारखा असेल, तर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याचे सेटिंगचे पान उघडते का ते पाहावे. ते उघडल्यास टॅबलेटला दोष देण्यात अर्थ नाही, चौकशी इंटरनेट सेवेकडे करायला हवी. जोडणी तुटल्याची वेळ दर खेपेस लिहून ठेवावी, आणि त्याच जागी त्या वेळी दुसरे उपकरण चालत होते का, हेही टिपावे. कंटाळवाणे असले तरी सर्वांत जास्त उपयोग याच टिपणाचा होतो.

रेडिओ जोडणीचा विचार करताना एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पडद्यावरच्या सिग्नलच्या रेघा राउटरचा आवाज टॅबलेटला किती ऐकू येतो एवढेच सांगतात. टॅबलेटचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचते का, हे त्या सांगत नाहीत. टॅबलेटचा अँटेना लहान आणि प्रक्षेपणाची शक्ती बहुधा कमी असल्यामुळे, रेघा बऱ्यापैकी दिसत असतानाही जोडणी तुटू शकते. सिग्नल मोजणारे अॅप वापरल्यास उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचे एकक) किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या अधिक जवळचा, आकडा समाधानकारक मानावा. उणे ८० च्या आसपास जोडणी टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. मोजण्यापूर्वी धातूचे कव्हर असल्यास काढावे. राउटरची शक्ती वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण अडचण उलट दिशेची असते. राउटर जवळ आणणे किंवा मध्ये दुसरा अॅक्सेस पॉइंट (त्याच नेटवर्कचे वायफाय पुरवणारे उपकरण) बसवणे हाच खरा उपाय आहे.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओ पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल, म्हणजे पट्ट्याचे लहान भाग, एकमेकांवर न चढणारे आहेत, तेव्हा त्यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडावा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात असल्यामुळे ठरावीक खोलीत किंवा ठरावीक वेळी होणारा त्रास त्यांच्याकडे बोट दाखवतो. ५ गिगाहर्ट्झवर ही गर्दी कमी असते, पण तिथे वेगळी मेख आहे. बहुतेक देशांत ५२ ते १४४ या दरम्यानचे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात, आणि रडारची चाहूल लागताच राउटरला तो चॅनेल सोडावा लागतो. सगळी उपकरणे एकाच क्षणी, कोणत्याही ठरावीक वेळेविना सुटत असतील, तर चॅनेल ३६ ते ४८ पैकी एक करून पाहावा. दोन्ही पट्ट्यांचे नाव एकच ठेवलेले असल्यास तपासापुरती ती नावे वेगळी करावीत, म्हणजे टॅबलेट पट्टे बदलताना सुटतो का, हे कळते.

तुटण्याच्या वेळांत नियमितपणा दिसला, तर हवेतील अडथळ्यांचा विचार सोडून घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी पाहाव्यात. बरोबर तासातासाला जोडणी तुटत असेल, तर राउटरमधील सामूहिक सुरक्षा कळ (ग्रुप की, सर्व उपकरणांसाठी सामाईक असलेली सांकेतिक किल्ली) बदलण्याचा अवधी तपासावा. अनेक राउटरवर तो ३६०० सेकंद असतो. आयपी पत्ता ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो आणि निम्मी मुदत उलटली की उपकरण नूतनीकरण मागते, त्यामुळे २४ तासांच्या मुदतीत १२ व्या तासाकडे लक्ष ठेवावे. ही कल्पनेतील शक्यता नव्हे: २०१० मध्ये आयपॅड नुकताच बाजारात आला असताना, मुदत संपलेला पत्ता काही आयपॅड तसाच वापरत राहतात, हे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या नेटवर्कवर उघड झाले होते. आजची अधिक संभवनीय अडचण दुसरी आहे. अँड्रॉइड १० आणि आयपॅडओएस १४ पासून टॅबलेट आपला खरा मॅक पत्ता, म्हणजे वायफायच्या चिपचा ओळख क्रमांक, लपवून खासगी पत्ता वापरतो. राउटरवर मॅक पत्त्यांची परवानगी यादी किंवा राखीव आयपी पत्ते असतील, तर त्या नेटवर्कपुरती ही सोय बंद करावी.

पडदा बंद असतानाच जोडणी तुटत असेल, तर तो बहुधा बॅटरी वाचवण्याचा परिणाम असतो. पडदा उघडताच काही क्षणांत ती परत येत असेल, तर त्याला बिघाड म्हणू नये. पडदा बंद असतानाही जे अॅप चालू राहणे आवश्यक आहे तेवढ्यालाच बॅटरीच्या निर्बंधातून वगळावे.

जुना टॅबलेट डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ या वायफाय सुरक्षेच्या दोन पद्धतींच्या मिश्र व्यवस्थेत अडखळत असेल, तर राउटर काही काळ डब्ल्यूपीए२ आणि एईएस (माहिती सांकेतिक करण्याची पद्धत) वर ठेवून पाहावा. एका वेळी एकच सेटिंग बदलावी.

एवढ्यानेही फरक न पडल्यास टॅबलेट आणि राउटर दोन्हींची प्रणाली अद्ययावत करावी, नेटवर्क विसरण्याची आज्ञा देऊन पुन्हा जोडावे, आणि त्यानंतरच नेटवर्क सेटिंग मूळ स्थितीला न्यावी. त्यात साठवलेले सर्व वायफाय पासवर्ड जातात, हे ध्यानात असू द्यावे. शेवटी टॅबलेट हाताच्या अंतरावरील फोनच्या हॉटस्पॉटला जोडावा. तिथे तो टिकला, तर दोष राउटरकडे किंवा जागेकडे आहे. तिथेही तो सुटत राहिला, तर अँटेना किंवा वायफायची चिप तपासण्यासाठी टॅबलेट दुरुस्ती केंद्रात द्यावा, आणि सोबत वेळांचे टिपणही द्यावे.