भेकर ओळखताना या चुका टाळा

सगळ्यांत मोठी चूक होते ती रंगावर विसंबण्याची. भेकर हे लहानसं हरीण तांबूस, चार शिंगांचा चौशिंगाही तांबूस-तपकिरी, उंचीही दोघांची खांद्याशी जवळपास सारखीच, ६० सें.मी.च्या आसपास. झाडीच्या सावलीत रंग फसवतोच. त्यामुळे दुर्बीण थेट चेहऱ्यावर न्या. भेकराच्या नराच्या तोंडावरून कपाळाकडे दोन काळ्या रेषा वर जात फाकतात. त्या संपतात तिथे केसाळ खुंट असतात आणि खुंटांच्या टोकाला आखूड, आत वळलेली शिंगं. चौशिंग्याची शिंगं सरळ सुळक्यासारखी, बिनफाट्याची. तो कुरंग (अँटिलोप) गटातला, त्यामुळे ती कधी गळत नाहीत. भेकराची मात्र मे-जूनच्या सुमारास गळतात. पावसाळ्यात नुसते खुंट किंवा मखमली कातडीतली कोवळी शिंगं दिसली, तर तो भेकराचा नरच. मादीला शिंगांच्या जागी राठ केसांचे झुबके असतात.

पाठीवर पांढरे ठिपके दिसले की लगेच चितळाचं पाडस म्हणू नका. भेकराची पिल्लंही जन्मतः ठिपकेदार असतात. आणि असं पिल्लू झुडपात एकटं पडलेलं दिसलं, तर कृपा करून उचलू नका. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. पिल्लाला हालचाल न करता पडून राहण्याची उपजत सवय असते. लगेच मागे फिरा. जखम दिसत असेल तरच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

भेकर उघड्या माळावर शोधण्यात वेळ जातो. कोयना, चांदोली, राधानगरी, भीमाशंकर इथे ते दाट झाडीत, ओढ्याकाठी राहतं आणि पहाटे-संध्याकाळी जंगलाच्या कडेला येतं. नुसत्या गवतावर त्याचं भागत नाही. कोवळी पानं, कळ्या, खाली पडलेली फळं ते निवडून खातं. कळपाची वाट पाहू नका, बहुतेकदा एकटंच असतं.

आवाजाचीही गल्लत होते. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा एकेक तुटक आवाज ठरावीक अंतरानं, कधी तासभरही येत राहतो. तो ऐकून ‘बिबट्या आला’ असं ठरवणं घाईचं. माणसाची चाहूल लागली तरी भेकर असंच ओरडतं. आधी स्वतः १० मिनिटं स्तब्ध बसा. त्यानंतरही आवाज सुरू राहिला आणि वानरांनीही खाकरायला सुरुवात केली, तर बिबट्याची शक्यता बरीच वाढते.