थंडीतल्या मरगळलेल्या दिवसांसाठी हुलग्याचे कढण

सोलापूरची थंडी चार दिवसांची म्हणतात, तरी पौषातल्या एखाद्या सकाळी अंगात त्राण नसताना सगळा स्वयंपाक मांडणे जिवावर येते. अशा दिवशी हुलग्याचे कढण करावे, कारण त्यातले कष्टाचे काम आदल्या रात्रीच उरकलेले असते.

एक वाटी हुलगे, म्हणजे कोकणातले कुळीथ, चांगल्या उजेडात ताटात पसरून निवडावेत. त्यातले खडे दाण्यांच्याच रंगाचे असतात, म्हणून येथे घाई करू नये. धुऊन रात्रभर भरपूर पाण्यात भिजत घालावेत. सकाळी ते पाणी टाकून, पाच वाट्या ताजे पाणी आणि चिमूटभर हळद घालून कुकरमध्ये लावावेत आणि एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवावेत. हुलगा तुरीच्या डाळीसारखा विरघळत नाही. साल अखंड दिसली तरी दाणा बोटांनी सहज चेपला गेला, की तो शिजला असे समजावे. आंबटपणामुळे दाणे लवकर मऊ होत नाहीत, म्हणून चिंच आधी घालू नये.

निम्मे दाणे पळीने घोटून पुन्हा त्याच पाण्यात मिसळावेत. दोन चमचे तेलात जिरे, ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता परतून गॅस बंद करावा आणि मगच चमचाभर काळे तिखट घालावे, म्हणजे ते जळत नाही. लाल तिखटानेही कढण होते, पण त्याला सोलापूरची चव येत नाही. ही फोडणी, मीठ, थोडा चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ घालून कढणाला पाच-सात मिनिटे उकळी द्यावी. ते वाटीने पिता येईल इतके पातळ असावे. सोबत ज्वारीची कडक भाकरी चुरून घेतली, की वेगळ्या भाजीची गरज उरत नाही.

भिजत घालायचेच राहून गेले, तर माडगे करावे. त्यासाठी हुलगे खमंग भाजून दळलेले पीठ घरात असावे लागते. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून (गरम पाण्यात हमखास गुठळ्या होतात) दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओतावे, चवीपुरते मीठ व जिरेपूड घालावी आणि दाटसर होईपर्यंत सतत ढवळत राहावे.