‘सारखा’ दिसला की उपमा? शिकवताना या चुका टाळा

उपमा अलंकार शिकवून झाला होता. फळ्यावरची पाच वाक्यं वर्गाने बिनचूक ओळखली, म्हणून खुशीत सहावं लिहिलं: ‘बाळ सारखं रडतंय.’ भराभर हात वर. उपमा! का? तर ‘सारखं’ आहे ना वाक्यात.

मुलांचं काही चुकलं नव्हतं. सम, समान, सारखा, जसा, प्रमाणे, परी, वाणी अशी यादी मीच पाठ करून घेतली होती आणि ती त्यांनी इमानदारीने वापरली. यादीपासून सुरुवात करणं ही पहिली चूक, आणि पुढच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातून निघतात.

‘ठरल्याप्रमाणे तो आला’, ‘ताप आल्यासारखं वाटतंय’, ‘माझ्यासारख्याला हे कसं जमणार?’ यादीतले शब्द इथे आहेत, उपमा कुठेच नाही. ‘तो भावासारखा उंच आहे’ हे जरा फसवं. तुलना आहे, पण माणसाची माणसाशी, तीही मोजून दाखवता येईल अशी. ‘तो खांबासारखा उंच आहे’ म्हटलं की दोन वेगळ्या जातीच्या वस्तू शेजारी आल्या, आणि वाचायला थोडी मजा आली. ही वाक्यं जोडीने फळ्यावर लिहा आणि फरक मुलांनाच सांगू द्या. यादी नंतर दिली तरी चालते.

चार भाग पाठ, पण साधारण धर्म गायब

उपमेय (जिची तुलना करायची ती गोष्ट), उपमान (जिच्याशी करायची ती), साधर्म्यवाचक शब्द (‘सारखा’, ‘जसा’ वगैरे), साधारण धर्म (दोघांत जुळणारा गुण). चारही नावं मुलं घडाघडा म्हणतात आणि लिहितात: ‘आजोबा वडासारखे आहेत.’ कशात? सावली देतात, वाकलेत, की जागचे हलत नाहीत? साधारण धर्म गाळलेली उपमा चूक नसते, लुप्तोपमा म्हणून ती मान्यच आहे. पण लिहिणाऱ्याच्या मनात तो असायला हवा. वहीच्या समासात मी ‘कशात?’ एवढंच लिहिते. उत्तर आलं तर वाक्य राहतं. नाही आलं, तर मूल स्वतःच खोडतं.

लिंगाची गफलत

‘तिचा आवाज घंटेसारखी गोड आहे.’ घंटा स्त्रीलिंगी, म्हणून ‘सारखी’. पण ‘सारखा’ चालतो उपमेयामागे: आवाज घंटेसारखा, केस रेशमासारखे. अडत असेल तर काही दिवस ‘प्रमाणे’ वापरायला सांगा, ते बदलत नाही.

जणू आलं की काय करायचं?

उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक एकाच तासात उरकले की खिचडी ठरलेली. तीन वेगवेगळी उदाहरणं देण्यापेक्षा एकच कल्पना तिन्ही रूपांत फिरवा. ‘मन पाखरासारखं भिरभिरतं’ ही उपमा. ‘मन म्हणजे जणू पाखरूच’ ही उत्प्रेक्षा. ‘मनाचं पाखरू भिरभिरतंय’ हे रूपक. मन आणि पाखरू यांच्यातलं अंतर दर वाक्यात कमी होत जातं, हे फळ्यावर दिसतं.

घासून गुळगुळीत झालेल्या उपमा

चंद्रासारखा चेहरा, मोत्यासारखे दात, वाऱ्यासारखा वेग. ओळखण्याच्या सरावाला ठीक आहेत, पण निबंधातही त्याच आल्या तर मुलाने काही पाहिलंच नाही असं समजा. ‘नवीन उपमा लिहा’ म्हणून ती सुचत नाही. आधी वस्तूकडे बघायला लावावं लागतं.

एका मुलाने लिहिलं होतं, ‘पंखा वाऱ्यासारखा फिरत होता.’ मी म्हटलं, ‘वर बघ. आवाज ऐक.’ तो बराच वेळ मान वर करून बसला. ‘बाई, दर फेरीला कट्ट करतो.’ मग असा आवाज आणखी कशाचा येतो? ‘सायकलच्या चाकात काडी अडकली की.’ वाक्य झालं: ‘चाकात काडी अडकलेल्या सायकलसारखा कटकट करत पंखा फिरत होता.’ अलंकाराचं नाव एकदाही न घेता.

उपमान चुकीच्या घरचं

ही चूक पटकन लक्षात येत नाही, कारण व्याकरण चोख असतं. ‘आई चोरासारखी हळूच आली आणि माझ्या अंगावर पांघरूण घातलं.’ हळू येणं जुळतं, पण चोरासोबत चोरीही खोलीत शिरते. ‘चोर आणखी काय काय करतो?’ असं विचारलं की मुलं हसतात आणि बदलतात. त्या मुलीने ‘मांजराच्या पावलांनी’ केलं. ती आता उपमा उरली नाही, हे मी तिला सांगितलं नाही. वाक्य सुधारलं होतं.

आणि मग पूर

एकदा जमायला लागलं की मुलं थांबत नाहीत. पंख्यावाल्याने पुढच्या निबंधात अकरा उपमा घातल्या. दोनच ठेव, म्हटलं. तोंड पाडून त्याने नऊ खोडल्या. राहिलेल्यांपैकी एक मी ठेवली नसती, पण निबंध त्याचा होता.