विचित्र शब्दाची गमतीदार व्याख्या करताय? या चुका टाळा

गोव्यात आमच्या फोंड्याच्या घरी गणेशचवथीच्या दुसऱ्या रात्री, आरती आटोपून पाहुणे पांगले की एक खेळ रंगतो. एकाने विचित्र शब्द द्यायचा. बाकीच्यांनी कागदावर त्याची कोशात शोभेल अशी बनावट व्याख्या लिहायची आणि खाली तो शब्द वापरून एक वाक्य. व्याख्या ऐकून हसू यायला हवं आणि वाक्य ऐकून अंगावर काटा. दोन्ही जमलं तरच गुण. हे कागद मोठ्याने वाचायचं काम अनेक वर्षं माझ्याकडे आहे आणि जुने कागद मी एका डब्यात जपून ठेवलेत. परवा ते सगळे काढून बसले. फसलेले कागद फिरून फिरून त्याच जागी फसलेले दिसले, म्हणून हे लिहितेय.

भीती विकत आणणं

सगळ्यात जास्त कागद इथेच वाया जातात. गेल्या चवथीला शब्द आला 'उंबळक'. कोणी तरी त्याच क्षणी जुळवलेला. पण कान देऊन ऐकलं तर त्यात उंबरा आणि उबळ दोन्ही पुसट ऐकू येतात. भाचीने लिहिलं:

उंबळक, स्त्री. 'निघतो' म्हणून उठलेल्या पाहुण्याला दारात चप्पल घालताना आठवणारं बोलणं. बसून मारलेल्या गप्पांपेक्षा ही नेहमी लांब असते.

सगळे हसले, कारण असा एक काका प्रत्येकाकडे असतो. मग तिने वाक्य वाचलं: 'मध्यरात्री दार करकरलं आणि रक्ताने माखलेला एक हात उंबळक करू लागला.' हसू गेलं, आणि भीतीही आली नाही. तो हात कोणाच्याच घरचा नव्हता. शिवाय बोलणं हाताचं नसतं, म्हणजे व्याख्येशीही नातं तुटलं.

तिने पुन्हा लिहिलं: 'आजोबांचा आत्मा अजून दारात उभा राहून उंबळक करतो.' हे बरं होतं. माणूस घरचा झाला, दार घरचं झालं. पण 'आत्मा' या एका शब्दाने सगळं सांगून टाकलं, ऐकणाऱ्याला शोधायला काही उरलं नाही. तिसऱ्यांदा तिने लिहिलं ते असं:

'बाबांचं बारावं होऊन गेलं, तरी रोज सातच्या सुमाराला आई अर्धं दार धरून, मान डोलावत, उंबळक संपायची वाट बघत उभी असते, आमटी निवते.'

कोणी काही बोललं नाही. माझ्या जाऊबाईंनी मात्र मागे वळून दाराकडे पाहिलं. या वाक्यात भूत नाही, रात्र नाही. बोलणारा फक्त जेवण लांबल्याची तक्रार करतोय, आणि तीही रोजच्या सुरात. काटा येतो तो त्या निवणाऱ्या आमटीमुळे.

तुमचं वाक्य फसतंय असं वाटलं तर त्यातले आत्मा, रक्त, किंकाळी, अचानक, मध्यरात्र हे शब्द आधी खोडून बघा. वाक्य उभं राहिलं नाही तर ते मुळात नव्हतंच. मग व्याख्येकडे परत जा आणि विचारा, ही गंमत ज्या माणसावर आहे तो माणूसच गेला तर काय होईल? किंवा ती कधी थांबलीच नाही तर? बहुतेक वेळा काटा व्याख्येतच दडलेला असतो.

कोशाचा आवाज सोडणं

गंमत सांगणाऱ्याने स्वतः हसायचं नसतं, तसं व्याख्येनेही हसायचं नाही. 'म्हणजे बघा हं', उद्गारचिन्हं, हसरे चेहरे, सगळं काढून टाका. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाची पानं चाळा (सात खंड, 1932 ते 1938, आणि नंतरची पुरवणी). तिथे पु., स्त्री., न. असं लिंग दिलेलं असतं, लाक्षणिक अर्थाला (ल.) आणि आपल्या गोमंतकी शब्दांना (गो.) अशी खूण असते. तो कोरडा, गंभीर थाट उचला. हसू त्या थाटातूनच फुटतं.

लिंगाकडे मात्र नीट लक्ष द्या. आमच्याकडे बरेच जण ते नुसतं शोभेला लिहितात. व्याख्येत स्त्री. आणि वाक्यात 'उंबळक संपला', असं झालं की कानाला ठेच लागते आणि शब्द खोटा असल्याचं तिथल्या तिथे उघडं पडतं. सामान्यरूपाचंही तसंच. भिंतीला म्हणतो, पण जिभेला. मग उंबळकीला की उंबळकेला? दोन्ही चालतील, एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. एखादं अनेकवचन, एखादी विभक्ती वाक्यात आली की बनावट शब्द मराठीत मुरल्यासारखा वाटतो. मला या खेळातलं सगळ्यात आवडतं काम हेच आहे.

व्याख्या वाक्यात परत सांगणं

'पाहुणे दारात खूप बोलत राहिले, याला उंबळक म्हणतात.' हे वाक्य म्हणजे व्याख्याच झाली, वापर नव्हे. खोडा.

खूण न करता सोडून देणं

ही चूक माझ्या हातून झालीय आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. एका वर्षी मी 'सुरमेंत' असा शब्द केला: दुपारच्या झोपेतून उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ हे न कळण्याचा काळ. पुढे चौकटी कंसात पोर्तु. असंही ठोकून दिलं. कागदाचा फोटो कोणी तरी व्हॉट्सॲपवर टाकला. काही महिन्यांनी एका मुलाच्या निबंधात 'गोव्यातील पोर्तुगीज शब्द' या मथळ्याखाली तो शब्द मला भेटला, आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते.

गोव्यात हे फार सहज घडतं, कारण आपल्याकडे खरे पोर्तुगीज शब्द पावलोपावली आहेत. पाव, पगार, चावी, बटाटा, अननस हे मराठीतही रुळलेत, आणि पावसाळ्याच्या बेगमीला आपण पुरुमेंत म्हणतो तेही तिकडचंच. त्यांच्या शेजारी 'सुरमेंत' बसला तर शंका कोणाला येणार? आसगावच्या मोन्सिन्योर डालगादो या ख्रिस्ती धर्मगुरूंनी 1893 मध्ये कोंकणी-पोर्तुगीज कोश काढला, आयुष्यभर एकेका शब्दाचा माग काढला. अशा कामाशेजारी आपली थाप खऱ्याच्या वेशात फिरू नये. आता मी प्रत्येक कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरात 'बनावट' लिहिते, म्हणजे फोटो काढला तरी ते कापलं जाणार नाही.

जिवंत शब्दाला अनोळखी समजणं

विचित्र शब्द शोधताना पोरांची नजर वर माटोळीकडे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या रानफळांच्या चौकटीकडे जाते. कांगल्यो, घागऱ्यो, माट्ट्यो, शहरात राहणाऱ्या भाच्यांना ही नावं गमतीची वाटतात. एका रात्री पुतण्याने व्याख्या वाचली: 'कांगल्यो, स्त्री. ज्यांचं नाव कोणालाच ठाऊक नाही म्हणून ज्या टांगून ठेवल्या जातात अशा फळांना म्हणतात.' माटोळीचं सामान आणणाऱ्या काकी अजून ओसरीवर चहा पीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'त्यो हांवेंच हाडल्यात.' (त्या मीच आणल्यात.) पुतण्याचा चेहरा पडला. व्याख्येत दोष नव्हता, पण ती ज्या माणसाला ओलांडून गेली तो माणूस चार पावलांवर बसला होता. त्याने उठून काकींना विचारलं, फळं कुठून आणली, कशी ओळखली. तो कागद आम्ही मोजला नाही.

जिवंत शब्द घेऊच नये असं नाही. आधी त्याचा खरा अर्थ एखाद्या जाणत्याकडून ऐका. दोन वर्षांपूर्वी शब्द होता 'मानस'. मराठीत मन, आणि आपल्या खाजन शेतीत, म्हणजे खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीत, नदीच्या बांधावरचं लाकडी दार. भरती चढली की पाण्याच्या रेट्यानेच ते मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. कोणी हात लावावा लागत नाही. खाजनात वाढलेल्या मावसबहिणीने हे आधी सगळ्यांना समजावलं आणि मग आपला कागद दिला:

मानस, न. दुसऱ्याचं म्हणणं आत शिरू लागताच आपोआप मिटणारं दार. आतलं बाहेर जायला मात्र कधीच अडत नाही.

'यंदा मानस मिटलंच नाही. सकाळी बांधावर गेलो तर शेतात आमच्याच स्वयंपाकघरातली भांडी तरंगत होती, आणि त्यातल्या एका पातेल्यातलं दूध अजून गरम होतं.'