‘असतं–असतो’ची पकड सोडवताना : प्रगत इंग्रजी रचनांचा तोंडी सराव

“तू सांगितलं असतंस, तर मी आलो असतो” हे वाक्य इंग्रजीत म्हणायला सांगितले, की व्याकरणाच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण घेणारा विद्यार्थीही “इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम” असे म्हणून जातो. त्याला नियम ठाऊक नसतो असे नाही. तेच वाक्य कागदावर आले तर तो पहिल्या भागात बिनचूक ‘हॅड टोल्ड’ लिहितो. मराठीत अट आणि परिणाम या दोन्ही भागांत ‘असतं’, ‘असतो’ हे एकाच घडणीचे रूप चालते, म्हणून बोलण्याच्या घाईत जीभ इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लावते. अमेरिकेतील सैल बोलण्यात हे रूप कानावर पडते, परंतु परीक्षेत आणि औपचारिक बोलण्यात ते चूकच धरले जाते.

हे मार्गदर्शन युरोपीय भाषा-मोजपट्टीतील बी२ किंवा त्यापुढच्या पातळीच्या, म्हणजे इंग्रजी वर्तमानपत्र अडखळण्याविना वाचू शकणाऱ्या, अभ्यासकांसाठी आहे. या पातळीवर आणखी वाचल्याने किंवा ऐकल्याने बोलणे आपोआप सुधारेल, ही समजूत फारशी खरी नाही. कॅनडात वर्षानुवर्षे फ्रेंच माध्यमात शिकलेल्या इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच उत्तम समजत असे, पण बोलताना त्यांचे व्याकरण कच्चेच राहत असे. यावरून तिथल्या भाषाशिक्षणतज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये असे मांडले, की नेमकी रचना स्वतःच्या तोंडून काढण्याची सक्ती झाल्याखेरीज ती पक्की होत नाही.

सराव कोणत्या रचनांचा करायचा, हे पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून ठरवू नये. मराठी जिथे आपल्याला ओढते, त्या जागा आधी शोधाव्यात. ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०१९ पासून’ या दोन्हींना मराठीत एकच ‘पासून’ पुरतो, म्हणून “सिन्स फाइव्ह इयर्स” तोंडात येते. अप्रत्यक्ष प्रश्नात आपल्याकडे शब्दक्रम बदलत नाही, म्हणून “कुड यू टेल मी व्हेअर इज द झीरो माइल स्टोन” असे विचारले जाते. ‘इज’ शेवटी जायला हवा. नागपूरकरांची एक खास अडचणही आहे. आपल्या बोलीत “काय करून राहिला?” आणि “मले समजून नाही राहिलं” ही रूपे इतकी सहज आहेत, की इंग्रजीत “आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग” म्हणताना आपले काही चुकते आहे असे वाटतच नाही. अशा तीनचार जागा स्वतःच्या बोलण्यातून टिपून घ्याव्यात आणि आठवड्याला एकच रचना घ्यावी.

रचना निवडल्यावर पहिले काम उच्चाराचे असते, आणि बहुतेक जण नेमके तेच गाळतात. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचे पूर्ण माप देतो. इंग्रजीत मात्र अर्थवाहक शब्दांवर जोर पडतो आणि मधली सहायक क्रियापदे आक्रसून जातात. ‘आय वुड हॅव कम’मधल्या चारही शब्दांना सारखे वजन दिले, तर वाक्य लांबते, दम पुरत नाही आणि मन सोप्या रचनेकडे पळते. म्हणून वाक्य शेवटाकडून बांधत यावे. आधी फक्त “कम” म्हणावे, मग “आयडव्ह कम”, मग “टोल्ड मी, आयडव्ह कम” आणि अखेरीस “इफ यूड टोल्ड मी, आयडव्ह कम”. टेबलावर बोटाने दोनच ठोके द्यावेत, एक ‘टोल्ड’वर आणि एक ‘कम’वर, उरलेले शब्द त्या दोन ठोक्यांच्या मध्ये बसवावेत. उलट बाजूने बांधल्यामुळे प्रत्येक वेळी आपण अनोळखी भागाकडून ओळखीच्या भागाकडे जातो आणि वाक्याचा शेवट कधी ढासळत नाही. सुरुवातीला हे हास्यास्पद वाटते, म्हणून दार लावून घ्यावे.

त्यानंतर शब्दबदलाचा सराव येतो. साचा तोच ठेवून त्यातील एकेक शब्द बदलत जाण्याची ही पद्धत जुनी आहे आणि यांत्रिक म्हणून बदनामही आहे. वाक्ये परकी असली, तर ती बदनामी रास्तच होय. मात्र वाक्ये आपल्या घरातली असली, तर तोच सराव जिवंत होतो. करवून घेण्याची रचना घ्या. न्हाव्याकडून आल्यावर आपण “मी केस कापले” म्हणतो आणि तेच इंग्रजीत उतरवतो. ऐकणाऱ्याला वाटते, आरशासमोर उभे राहून स्वतःच कात्री चालवली. “आय हॅड माय हेअर कट” हा साचा धरावा आणि नागपूरच्या मार्च महिन्याकडे पाहावे : कूलरची खस बदलून घेतली, पंप तपासून घेतला, स्कूटरची सर्व्हिसिंग करून घेतली. “वी हॅड द कूलर पॅड्स चेंज्ड, वी हॅड द पंप चेक्ड, आय हॅड माय स्कूटर सर्व्हिस्ड.” मराठीत ‘-ऊन घेतलं’ ऐकू आले, की इंग्रजीत ‘हॅड’ आणि शेवटी क्रियापदाचे तिसरे रूप, ही सांधेजोड कानाला लागेपर्यंत पंधरावीस वाक्ये न थांबता म्हणावीत.

तर्क सांगणाऱ्या ‘मस्ट हॅव’, ‘माइट हॅव’, ‘कान्ट हॅव’ या रूपांसाठी घराबाहेर पडावे. सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर खापरीकडे जाणारी आणि लोकमान्य नगरकडे जाणारी अशा दोन्ही मार्गिका मिळतात, त्यामुळे धावणारी, चुकलेली, वाट पाहणारी माणसे तिथे हवी तेवढी दिसतात. “ही मस्टव्ह मिस्ड द खापरी ट्रेन.” “शी माइटव्ह टेकन द राँग एस्केलेटर.” फोन कानाला लावून पुटपुटले, तर कोणी वळूनही पाहत नाही.

दुसऱ्याचे बोलणे सांगण्याचा सराव रात्री करावा. “तो म्हणाला, मी उद्या येतो” असे मूळ वाक्य जसेच्या तसे ठेवण्याची मराठीत सोय आहे. इंग्रजीत ‘मी’चा ‘ही’ होतो, ‘येतो’चा ‘वुड कम’ होतो आणि ‘उद्या’ही बहुधा ‘द नेक्स्ट डे’ होतो. दिवसभरातला एखादा खरा संवाद, भाजीवाल्याशी घातलेली घासाघीससुद्धा, आठवून पूर्ण सांगावा.

सुटी वाक्ये जमली, तरी सलग बोलताना ती पुन्हा निसटतात. यावर ४-३-२ ही रीत मला सर्वांत भरवशाची वाटते. १९८३ मध्ये कीथ मॉरिस यांनी ती मांडली : एकच विषय आधी चार मिनिटांत, मग तीन आणि मग दोन मिनिटांत, दर वेळी नव्या श्रोत्याला सांगायचा. मजकूर तोच राहिल्याने काय बोलायचे ही चिंता मिटते आणि लक्ष बोलण्याकडे वळते. मी त्यात एक अट घालतो : ठरलेली रचना प्रत्येक फेरीत किमान चार वेळा आली पाहिजे. ‘हुकलेली संधी’ हा विषय दिला, की ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’ यांच्यापासून सुटका नसते. श्रोते नसतील, तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. पहिली आणि तिसरी फेरी ऐकून फक्त त्या एका रचनेच्या चुका मोजाव्यात; बाकीच्या चुकांकडे त्या आठवड्यात कानाडोळा करावा. स्वतःचा आवाज ऐकणे मी स्वतः कितीतरी दिवस टाळले होते, आणि तोवर आपण ‘हॅड’ म्हणतो असा माझा ठाम समज होता.

प्रश्नपुच्छांवर, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडायच्या छोट्या प्रश्नांवर, फार वेळ घालवू नये. मराठीतला ‘ना’ सगळीकडे चालतो, म्हणून आपण सगळीकडे ‘इझन्ट इट’ लावतो. आठ दिवसांत ही खोड मोडते. ‘नेव्हर हॅव आय सीन’सारख्या उलट्या क्रमाच्या रचना मात्र बोलण्यात जपूनच वापराव्यात. त्या भाषणात शोभतात. चहाच्या टपरीवर त्या नाटकी वाटतात. आयईएलटीएस या आंतरराष्ट्रीय इंग्रजी चाचणीच्या तोंडी परीक्षेत रचनांचे वैविध्य आणि अचूकता यांना मिळून चारपैकी एका निकषाचे स्थान आहे, म्हणून काही जण अशी वाक्ये पाठ करून नेतात. परीक्षकाला पाठांतर लगेच कळते.

रोजची वीस मिनिटे पुरतात : पाच मिनिटे उलट बांधणी, सहा मिनिटे शब्दबदल, उरलेली सलग बोलण्याची. मे महिन्यात पहाटे अंबाझरी तलावाच्या काठाने चालताना, नाहीतर रात्री गच्चीवर, हे सहज होते. रविवारी नवी रचना घेण्याआधी गेल्या आठवड्याच्या विषयावर, पुन्हा तयारी न करता, दोन मिनिटे बोलून पाहावे. ‘हॅड’ अजूनही निसटत असेल, तर तीच रचना आणखी एक आठवडा चालवावी.